पाच गाइड वाचून झाल्या, तरी मॉकमध्ये मार्क का वाढत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे: बारावीत आहे, इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षा द्यायच्या आहेत. जवळ पाच गाइड आहेत. प्रत्येक धडा वाचून झालाय, सोडवलेली उदाहरणं समजतात, धड्याखालचे प्रश्नही बरेचसे सुटतात. पण मॉक, म्हणजे सरावाचा पूर्ण पेपर, लावला की मार्क तिथल्या तिथेच. आता सहावी गाइड कोणती घेऊ?

कोणतीही घेऊ नकोस. उलट पाचातल्या तीन कपाटात ठेवून दे. कोणत्या तीन ते पुढे सांगतो.

प्रवेश परीक्षांसाठी शिकवताना हा प्रश्न मला दरवर्षी येतो, आणि जवळपास नेहमी मेहनती मुलांकडूनच येतो. टाळाटाळ करणाऱ्याला तो पडत नाही. आपले मार्क का वाढत नाहीत ते त्याला पक्कं ठाऊक असतं. तुझं तसं नाही. तू बसतेस, पानं उलटतेस, वेळ देतेस. पण तुझ्या प्रश्नात 'वाचून झालाय' आणि 'समजतात' हे दोन शब्द आलेत, आणि घोळ तिथेच आहे. वाचायला पाठ्यपुस्तक असतं. गाइड स्वतःला तपासण्यासाठी असते.

ओळखीचा चेहरा समोर येतो, आपण हसून बोलतो, आणि नाव काही केल्या आठवत नाही, असं होतं ना? सोडवलेलं उदाहरण वाचताना होतं ते चेहरा ओळखणं. पेपरात विचारतात नाव. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली नेमकं हेच तपासलं. विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. एका गटाने उतारा चार सत्रांत पुन्हापुन्हा वाचला. दुसऱ्याने एकाच सत्रात वाचला आणि पुढची तीन सत्रं काही न बघता आठवेल तेवढं कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, लिहून बघणाऱ्यांना ६१ टक्के. गंमत म्हणजे आपल्याला जास्त लक्षात राहील असा भरवसा वाचणाऱ्यांनाच जास्त होता. तुला धडा मिटताना जे समाधान वाटतं ते या भरवशाचं आहे.

तेव्हा आता गाइड उघडायची पद्धत बदलू.

धडा पाठ्यपुस्तकातून झाला असेल तर गाइडमधले 'महत्त्वाचे मुद्दे' आधी उघडूच नकोस. कोरा कागद घे आणि त्या धड्यातली सूत्रं, व्याख्या, आलेख, अटी आठवतील तशा लिही. दहा-बारा मिनिटं पुरतात. मग गाइड उघड आणि जे राहिलं किंवा चुकलं ते लाल पेनाने त्याच कागदावर भर. लाल झालेला भाग हा तुझा त्या धड्याचा अभ्यास. काळ्या शाईतलं तुला येतंय, ते पुन्हा वाचून हाती काही लागणार नाही. बहुतेक मुलं उलटं करतात: मुद्दे वाचतात, हायलायटर फिरवतात, आणि शेवटी पान असं रंगतं की न रंगवलेलंच उठून दिसतं. अभ्यासाच्या दहा पद्धतींवरच्या संशोधनाचा एक मोठा आढावा २०१३ साली जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी घेतला होता. त्यात स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांच्या अंतराने विभागून करणं या दोन पद्धती सगळ्यांत वर होत्या. हायलायटर आणि पुनर्वाचन तळाशी.

सोडवलेल्या उदाहरणाचंही तसंच. उत्तरावर कागद झाक, फक्त प्रश्न वाच, सोडवायला घे. अडलीस तर उत्तराची एकच ओळ उघड आणि पुन्हा झाक. पाच-सात मिनिटं झगडूनही काही सुचत नसेल तर सगळं वाच, पण मग गाइड मिटून तेच उदाहरण कोऱ्या कागदावर पहिल्यापासून उतरव. आकडे जुळण्यापेक्षा प्रत्येक पायरी का घेतली ते सांगता येतंय का ते बघ. आणि प्रश्नाच्या कडेला तारीख टाक. तीन-चार दिवसांनी, मग पंधरवड्याने, मग महिन्याने तोच प्रश्न पुन्हा न बघता सुटला की त्यावर फुली. (फोनने प्रश्नाचा फोटो काढून क्षणात उत्तर मिळवायची सवय असेल तर तीही याच रोगाची. तिथे तर झगडण्याची ती पाच मिनिटंसुद्धा हातची जातात.)

चौकटीत छापलेल्या 'शॉर्ट ट्रिक'बद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण मुलं गाइड घेतात ती बऱ्याचदा त्यासाठीच. साधा प्रश्न घे. गाडी ताशी ४० किलोमीटरने जाते आणि त्याच रस्त्याने ताशी ६० ने परत येते. सरासरी वेग किती? पर्याय ४५, ४८, ५०, ५२. अंतर १२० किलोमीटर धर: जायला ३ तास, यायला २ तास, एकूण २४० किलोमीटर ५ तासांत, म्हणजे ४८. गाइडची चौकट सांगते की दोन्ही वेगांच्या गुणाकाराची दुप्पट करा आणि बेरजेने भागा. ४,८०० भागिले १००, पुन्हा ४८. काम झटपट झालं. पुढच्या पेपरात प्रश्न येतो: गाडी प्रवासाचा निम्मा वेळ ४० ने आणि उरलेला निम्मा वेळ ६० ने जाते. चौकट पाठ असलेला मुलगा आनंदाने ४८ वर खूण करतो. उत्तर ५० आहे. अंतर सारखं असेल तेव्हाच ती चौकट चालते, वेळ सारखा असेल तर साधी सरासरी घ्यायची. ही अट गाइडमध्ये एक तर नसते, नाहीतर इतक्या बारीक अक्षरांत असते की कोणी वाचत नाही. म्हणून प्रत्येक चौकटीखाली स्वतःच्या हाताने लिही: ही कधी चालत नाही. लिहिता आलं नाही तर ती ट्रिक अजून तुझी झालेली नाही, पेपरात वापरू नकोस.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट बघ. पहिल्या प्रश्नात ५० हा पर्याय उगाच आलेला नाही. घाईत सरासरी काढणाऱ्यासाठी तो मुद्दाम मांडून ठेवलाय. पेपर काढणारे चुकीचे पर्याय बऱ्याचदा विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या चुकांवरूनच बनवतात. तेव्हा प्रश्न बरोबर सुटला तरी लगेच पुढे जाऊ नकोस. उरलेल्या तिघांतला कोणता पर्याय कोणत्या चुकीसाठी ठेवलाय ते ओळखून बघ. रोज चार-पाच प्रश्नांना एवढं केलंस तरी पर्याय वाचण्याची नजर बदलते. आणि चांगली गाइड ओळखायची माझी खूणही हीच आहे: उत्तराच्या पानावर फक्त बरोबर पर्यायाचं गणित आहे, की बाकीचे का चूक तेही आहे? तुला पूर्ण येणारा एक धडा काढ आणि त्यातली दहा उत्तरं वाच. येणाऱ्या धड्यातच गाइडचा दर्जा कळतो. न येणाऱ्या धड्यात सगळ्याच गाइड विद्वान वाटतात. 'दहा हजारांहून अधिक प्रश्न' असं मुखपृष्ठावर असेल तर त्याकडे दुर्लक्ष कर.

आता तुझ्या तक्रारीचा मुख्य भाग: धड्याखालचे प्रश्न सुटतात आणि पेपरातले सुटत नाहीत. धड्याखालचे सुटणारच! वर धड्याचं नाव छापलेलं असतं ना. 'संवेगाची अक्षय्यता' या मथळ्याखाली दोन गोळे आदळले की काय लावायचं ते मथळ्यानेच सांगितलं. पेपरात तेच दोन गोळे मथळ्याशिवाय येतात, आणि तिथे संवेग लावायचा, ऊर्जा लावायची, की आधी संवेग आणि मग ऊर्जा, हे तुला ठरवायचं असतं. अर्धा प्रश्न तिथेच असतो, आणि धडावार गाइड नेमका तोच अर्धा भाग तुझ्याऐवजी सोडवून ठेवते.

डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ साली याची परीक्षा घेतली. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. काहींना सरावाचे प्रश्न प्रकारानुसार दिले, काहींना सरमिसळ करून. सराव चालू असताना प्रकारानुसार सोडवणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर, सरमिसळवाल्यांची ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तर प्रकारवाले २० टक्क्यांवर आले आणि सरमिसळवाले ६३ वर राहिले. हे आकडे मी मुद्दाम देतोय, कारण सरमिसळ सुरू केलीस की पहिले काही दिवस तुझे प्रश्न जास्त चुकतील आणि तुला वाटेल, पूर्वीचंच बरं होतं. तेव्हा ८९ चा आकडा आठव, आणि त्यापुढचा २० चाही.

हे करायला नवं पुस्तक लागत नाही. झालेल्या सहा-सात धड्यांतून प्रत्येकी तीन-चार प्रश्न निवडायला भावाला, मैत्रिणीला, कोणालाही सांग. त्यांनी फक्त प्रश्न एका कागदावर उलटसुलट क्रमाने उतरवून द्यायचे, धड्याचं नाव न लिहिता. प्रत्येक प्रश्न सोडवण्याआधी बाजूला चार शब्द लिही: कोणता नियम आणि का. आठवड्यातले दोन दिवस असे ठेव. नवा धडा शिकताना सुरुवातीचे दहा-पंधरा प्रश्न धडावारच सोडवावेत, त्याला माझी हरकत नाही. त्यानंतरचे तीस प्रश्न मात्र धडावार सोडवण्यात फारसं काही मिळत नाही.

चुकांची वही बहुतेक मुलं ठेवतात आणि बहुतेकांची फुकट जाते, कारण त्यात बरोबर उत्तर सुवाच्य अक्षरात उतरवलेलं असतं. उत्तर गाइडमध्ये आहेच. वहीत लिहायचं ते चूक का झाली, तुझ्या शब्दांत, दोन-तीन ओळींत. 'सिली मिस्टेक' लिहायला बंदी. त्या शब्दाखाली सगळं खपतं. नमुना दाखवतो. प्रश्न: १० चा उणे आठवा घात मोलर तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच किती? वहीतली नोंद अशी हवी: 'लिहिलं ८. उत्तर ६.९८. आम्ल कितीही पातळ केलं तरी पीएच ७ च्या वर कसा जाईल? पाण्याचे हायड्रोजन आयन धरायचे राहिले. उत्तर पटतंय का ते आधी बघ.' यातलं शेवटचं वाक्य फक्त आम्लांपुरतं नाही. ते भौतिकशास्त्रात प्रकाशाच्या वेगापेक्षा जोरात पळणाऱ्या इलेक्ट्रॉनलाही लागू पडतं. अशा तीस-चाळीस नोंदी झाल्या की वही एका बैठकीत वाच. चुका शेकडो असल्या तरी त्यांचे प्रकार तीन-चारच निघतात. कोणाचं एककांचं रूपांतर राहतं, कोणी प्रश्नातला 'नाही' गिळतं, कोणाचं ऋण चिन्ह दुसऱ्या ओळीत गायब होतं. आपला प्रकार कळला की पेपरात नेमकं तिथे थांबता येतं.

आवृत्तीचा मुद्दा कंटाळवाणा आहे, पण महागात पडतो. परीक्षांचं स्वरूप अलीकडे वरचेवर बदलतंय. वैद्यकीय प्रवेशाच्या नीटमध्ये २०२१ ते २०२४ या काळात २०० प्रश्नांतले १८० सोडवायचे होते. २०२५ पासून १८०च प्रश्न, सगळे सक्तीचे, वेळ १८० मिनिटं. परदेशी शिकायला जाणाऱ्यांची एसएटी आता संगणकावर होते, ९८ प्रश्न आणि २ तास १४ मिनिटं. कागदावरच्या जुन्या परीक्षेची गाइड तिथे वेळेचा अंदाज चुकवते. इंजिनिअरिंगसाठीच्या देशपातळीवरच्या जेईई मेनच्या रसायनशास्त्रातून २०२४ पासून सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, पॉलिमर असे बरेच भाग गेले. पण महाराष्ट्र मंडळाच्या बारावीच्या पुस्तकात पहिलाच धडा सॉलिड स्टेट आहे, आणि राज्याची प्रवेश परीक्षा एमएचटी-सीईटी (थोडक्यात सीईटी) मंडळाच्याच अभ्यासक्रमावर होते. दोन्ही परीक्षा देणाऱ्याने एकाच गाइडवर विसंबून चालणार नाही ते यामुळे. परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावरून यंदाचा अभ्यासक्रम उतरवून घे आणि गाइडच्या अनुक्रमणिकेवर पेन्सिलने खुणा कर: आहे, नाही, अर्धा आहे. अर्धा तास लागेल. जुनी गाइड या खुणांनंतर सरावाला चालते. पेपरचं स्वरूप, गुण आणि वेळ तिच्यातून घ्यायची नाही.

मग कोणत्या दोन ठेवायच्या? एक, जिच्या उत्तरांत कारणं आहेत. दुसरी, मागच्या वर्षांच्या खऱ्या पेपरांचा उत्तरांसह संच. दोन्ही परीक्षा देणार असलीस तर हा संच दोन्हींचा हवा. खऱ्या पेपरातल्या प्रश्नांची भाषा आणि काठिण्य गाइडच्या लेखकाला हुबेहूब जमतंच असं नाही. काही गाइड उगाच अवघड असतात, कारण अवघड पुस्तक भारी वाटतं. संस्थेने स्वतः दिलेल्या मॉक मिळत असतील तर त्या सगळ्यात आधी. आणि त्या सुरुवातीलाच संपवू नकोस, निम्म्या शेवटच्या महिन्यासाठी राखून ठेव.

गाइडच्या उत्तरसूचीत चुका असतात. चांगल्यातल्या चांगल्या गाइडमध्येही असतात. तुझं उत्तर जुळत नसेल तर आधी प्रश्न पुन्हा वाच, मग गणित तपास, मग पाठ्यपुस्तकातलं मूळ सूत्र. तरीही जुळेना, तर प्रश्नचिन्ह टाकून पुढे जा आणि शिक्षकांना विचार. छापील उत्तर बरोबर ठरवण्यासाठी उलटं गणित मांडत बसणारी हुशार मुलं मी खूप पाहतो. त्यात वेळ जातोच, शिवाय चुकीची पद्धत पक्की होते ते वेगळं.

वेळ. गाइडमध्ये प्रश्नाशेजारी घड्याळ नसतं, ते तुला लावावं लागेल. नीटला प्रश्नामागे एक मिनिट मिळतं. जेईई मेनला ७५ प्रश्नांना १८० मिनिटं, म्हणजे २ मिनिटं २४ सेकंद. सीईटीत भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे जेमतेम ५४ सेकंद, आणि गणिताला प्रश्नामागे १ मिनिट ४८ सेकंद. एकच प्रश्न एका परीक्षेत सोडवण्यासारखा आणि दुसरीत सोडून देण्यासारखा असू शकतो. म्हणून दहा-दहा प्रश्नांचे गट करून त्या परीक्षेच्या हिशेबाने टायमर लाव. एकेका प्रश्नाला टायमर लावला की नुसती धांदल उडते.

निगेटिव्ह मार्किंगची भीती गणिताने घालव. नीट आणि जेईई मेनचे चार पर्यायांचे प्रश्न घे: बरोबरला ४, चुकीला उणे १. डोळे मिटून खूण केली तर सरासरी पाव गुण मिळतो, पण वीस प्रश्नांत पाच-दहा गुण इकडे किंवा तिकडे सहज होतात, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर सरासरी सुमारे ०.६७, दोन बाद केले तर १.५. दोन बाद झाल्यावर प्रश्न कोरा सोडणं म्हणजे हातचे गुण टाकणं. सीईटीला निगेटिव्ह नाही, तिथे एकही प्रश्न कोरा राहता कामा नये.

मॉक दिल्यावर त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी ती उलगड, आणि द्यायला लागला तेवढा वेळ त्यासाठीही दे. एरवी आठवड्याला तीन मॉक देऊनही आकडा हलत नाही. प्रत्येक प्रश्नाला चारपैकी एक खूण कर: येत होतं आणि सुटलं, येत होतं पण चुकलं, येत नव्हतं, आणि अंदाजाने लागलं. चौथी खूण मुलं करत नाहीत, कारण मार्क मिळालेले असतात. पण अंदाजाने लागलेला प्रश्न न येणाऱ्यातच धरायचा. बदललेली उत्तरंही मोज. 'पहिलं सुचलेलं उत्तरच बरोबर असतं' असं सगळे सांगतात. जस्टिन क्रुगर आणि सहकाऱ्यांनी २००५ साली १,५६१ उत्तरपत्रिकांतली खाडाखोड तपासली, तेव्हा ५१ टक्के बदल चुकीवरून बरोबरवर गेलेले निघाले आणि २५ टक्के बरोबरवरून चुकीवर. तुझ्या पाच-सहा मॉकमधले तुझे आकडे काढ आणि बदलायचं की नाही ते त्यावरून ठरव.

शेवटच्या तीन आठवड्यांत नवा प्रश्नसंच उघडायचा नाही. बाजारात तेव्हाच 'अपेक्षित प्रश्न' येतात आणि मैत्रिणीच्या हातात एखादा दिसतो, बघायचाही नाही. तारखा टाकलेले आणि फुली न पडलेले प्रश्न, कोऱ्या कागदांवरचा लाल भाग आणि चुकांची वही, एवढंच. राखलेल्या मॉक खऱ्या पेपरच्याच वेळेला बसून दे: सकाळच्या सत्राची परीक्षा असेल तर सकाळी, मध्ये न उठता. परीक्षेआधीच्या दोन दिवसांत पूर्ण मॉक नको, कारण ती खराब गेली तर ती उलगडायला वेळ उरत नाही आणि तोच आकडा डोक्यात घेऊन हॉलमध्ये शिरावं लागतं.

तेव्हा सहाव्या गाइडचे पैसे तूर्त राहू देत. आधी ज्या धड्यात तुला सगळ्यात जास्त खात्री वाटते त्याच्यावर आज रात्री कोऱ्या कागदाचा प्रयोग कर, आणि किती लाल भरावं लागलं ते बघ.